किनाऱ्याला तेल लागतं तेव्हा: पुण्याहून मदतीला जाताना

२५ मे २०२५ ला कोचीजवळच्या समुद्रात ‘एमएससी एल्सा ३’ हे मालवाहू जहाज बुडालं आणि त्याच रात्री आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर धडाधड मेसेज यायला लागले. आमचा ग्रुप म्हणजे रविवारी सकाळी मुठेच्या काठी प्लास्टिक गोळा करणारी मंडळी. कोथरूड, कर्वेनगर, सिंहगड रोड अशी सगळीकडची. “जायचं का केरळला?” “माझी गाडी आहे.” “मी रजा टाकतो.” बघता बघता यादीच तयार झाली.

ग्रुपमध्ये एक काका आहेत, चाकणच्या एका कारखान्यातून सुरक्षा अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी एवढंच लिहिलं, “त्या जहाजावर काय काय होतं ते आधी वाचा. मग बोलू.”

वाचलं. ६४० कंटेनर. त्यातल्या १३ मध्ये धोकादायक माल, आणि १२ मध्ये कॅल्शियम कार्बाइड. शिवाय टाक्यांमध्ये ८४ टन डिझेल आणि ३६७ टन फर्नेस ऑइल. कार्बाइडला पाणी लागलं की अ‍ॅसिटिलीन तयार होतो. वेल्डिंगला वापरतात तोच हा वायू, ठिणगी मिळाली की भडकतो. केरळ सरकारनं लोकांना स्पष्ट सांगितलं होतं की किनाऱ्याला लागलेल्या कंटेनरला हात लावू नका, २०० मीटर लांब राहा, ११२ ला कळवा. पुण्याहून गाड्या भरून गेलेल्या आम्हा लोकांना तिथल्या पोलिसांनी दोरीबाहेर उभं केलं असतं, आणि ते योग्यच झालं असतं.

पण त्या रात्री जे वाटलं ते खोटं नव्हतं. आपल्याही कोकणात हे होऊ शकतं, झालेलंही आहे. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ या जहाजांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल सांडलं, कंटेनर समुद्रात पडले, काहींमध्ये कीटकनाशकं होती. रायगडच्या किनाऱ्यावरची खारफुटी काळी पडली. आणि असा मोठा अपघात झाला नाही तरी दर पावसाळ्यात नैऋत्येचा वारा डांबराचे गोळे (समुद्रात सांडलेलं तेल घट्ट होऊन झालेले) आणून किनाऱ्यावर टाकतोच. म्हणून ठरवलं, केरळला जायचं नाही, पण आपल्या किनाऱ्यावर वेळ आली तर बोलावण्याच्या लायकीचं व्हायचं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्यापायी काय काय करावं लागलं ते सगळं इथे लिहिते आहे. सुरुवातीला आम्हाला कुठून धरावं तेच कळत नव्हतं, आणि मराठीत कुठे सलग लिहिलेलंही सापडलं नाही.

जून: कोणाला विचारायचं?

पहिला प्रश्न परवानगीचा. समुद्रात तेल सांडलं तर ते तटरक्षक दलाचं काम. १९९६ च्या राष्ट्रीय तेलगळती आपत्ती योजनेनुसार सगळ्या यंत्रणांचा समन्वय तेच करतात. तेल किनाऱ्याला लागलं की मात्र जिल्हा प्रशासन, प्रदूषण नियंत्रण मंडळ, स्थानिक स्वराज्य संस्था आणि बंदराची हद्द असेल तर बंदर, असे सगळे येतात. स्वयंसेवकांना जागा मिळते ती या किनाऱ्याच्या बाजूला. तीही कोणीतरी अधिकृतपणे बोलावलं तरच.

आम्ही श्रीवर्धन तालुक्यातलं एक गाव धरलं, कारण ग्रुपमधल्या दोघांचं तिथे येणं-जाणं होतं. गावाचं नाव लिहीत नाही. सरपंचांनीच तशी विनंती केली. किनाऱ्यावर डांबर आल्याची बातमी पसरली की घरगुती खाणावळी आणि खोल्यांची बुकिंगं पटापट रद्द होतात, आणि निसर्ग वादळानं २०२० साली ज्यांच्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपवल्या त्यांना तो फटका सोसत नाही.

पत्र मी लिहिलं. एक पान, मराठीत. आम्ही कोण, किती जण, काय शिकलेलो आहोत, कळवल्यावर किती तासांत पोहोचू, स्वतःचं कोणतं साहित्य आणू, जेवणाखाण्याची आणि राहण्याची जबाबदारी आमचीच. सोबत प्रत्येकाचं नाव, वय, रक्तगट, आधारची प्रत, घरच्यांचा फोन आणि हमीपत्र. हे पत्र तीन ठिकाणी दिलं. एका कार्यालयात सांगितलं, हा आमचा विषय नाही, पलीकडे द्या. पलीकडे सांगितलं, आधी तिकडून घेऊन या. मधे एका साहेबांची बदली झाली आणि आमचं पत्र त्यांच्याबरोबरच गेल्यासारखं झालं. जून असाच सरला. शेवटी गावच्या ग्रामसेवकांनी मार्ग काढला: “ताई, ग्रामपंचायतीचं मागणीपत्र जोडा. बाहेरची माणसं मदत करू म्हणतात आणि गाव मागणी करतं, यात फरक पडतो.” तसं केलं आणि आठवड्याभरात यादी नोंदवून घेतली गेली.

इथे एक अगदी छोटी पण फार उपयोगी गोष्ट. प्रत्येक पत्राच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घ्या. पुढच्या प्रत्येक फोनवर “आमचं पत्र अमुक तारखेचं, आवक क्रमांक अमुक” असं म्हटलं की समोरचा माणूस रजिस्टर उघडतो.

विम्याचंही याच काळात केलं. गटाचा अपघात विमा, माणशी साडेतीनशे रुपयांच्या आसपास पडला. कामाचं स्वरूप पॉलिसीत लिहून घ्या असा काकांचा आग्रह होता. नुसतं ‘सामाजिक कार्य’ लिहिलेल्या पॉलिसीवर पुढे वाद होऊ शकतो.

हळदीचे हात

प्रशिक्षण कर्वेनगरमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये झालं. काका, आमच्यातल्याच एक डॉक्टर ताई, आणि मुंबईहून आलेली किनारी पर्यावरणाची एक अभ्यासक.

तिनं सुरुवात केली ती दक्षिण कोरियापासून. डिसेंबर २००७ मध्ये ‘हेबेई स्पिरिट’ या टँकरमधून दहा हजार टनांहून जास्त कच्चं तेल सांडलं आणि किनारा पुसायला दहा लाखांहून अधिक स्वयंसेवक आले. जगभर त्याचं कौतुक झालं. मग त्या माणसांची तपासणी करणारे अभ्यास आले: डोकेदुखी, मळमळ, डोळ्यांची आग, त्वचेचे त्रास. मग चेन्नईजवळचं एन्नोर. जानेवारी २०१७ मध्ये दोन जहाजांची टक्कर झाली आणि तरुण पोरं बादल्यांनी तेल उपसत होती, कित्येकांच्या हातात धड मोजेही नव्हते. ती फोटो दाखवत होती आणि हॉलमध्ये कोणी बोलत नव्हतं. त्या पोरांचा जीव तुटत होता हे दिसत होतं. त्यांच्याजवळ उभं राहून ‘थांबा, आधी हे घाला’ म्हणणारं कोणी नव्हतं, हेही दिसत होतं.

तेल ताजं असताना सगळ्यात घातक असतं. बेंझिनसारखी हलकी द्रव्यं पहिल्या एक-दोन दिवसांत हवेत उडतात आणि श्वासातून आत जातात. तेव्हा तिथे फक्त वायू मोजणारी उपकरणं असलेली प्रशिक्षित माणसं असावीत. उरलेलं तेल लाटांनी घुसळून पाण्याबरोबर तपकिरी, घट्ट होतं, मूळच्या तीन-चार पट फुगतं, आणि खूप दिवस समुद्रात फिरलं की त्याचे गोळे होतात. गोळ्यांना वास कमी, पण त्यातली जड द्रव्यं कातडीला लागू द्यायची नाहीत. आपल्यासारख्यांचं काम असलंच तर या शेवटच्या टप्प्यात, किंवा मग तेल लागण्याच्या आधी.

कागदी मास्क किंवा एन-९५ तेलाच्या वाफा अडवत नाही; त्याला सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज, म्हणजे वाफा शोषून घेणारी डबी, असलेला रबरी मास्क लागतो. तो दाढीवर नीट बसत नाही. दोघा-तिघांनी दाढी काढायची तयारी दाखवली. एकानं नाही म्हटलं, त्याला साहित्याचा हिशोब दिला. दम्याचा त्रास असलेल्यांना, गरोदर बायकांना आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना तेलाजवळ काम नाही, हे डॉक्टर ताईंनी आधीच सांगून टाकलं. धनुर्वाताचं इंजेक्शन सगळ्यांना.

सगळ्यात जास्त वेळ गेला हातमोजे काढण्यात. काकांनी खोबरेल तेलात हळद कालवून तो लेप प्रत्येकाच्या मोज्यांवर फासला. “आता काढा. हाताला, बाहीला, चेहऱ्याला पिवळं लागलं की परत.” एका हातानं दुसऱ्या मोज्याची कड बाहेरून चिमटीत धरायची, उलटा करत सोलून काढायचा, तो मुठीत ठेवायचा, मग उघड्या हाताचं बोट दुसऱ्या मोज्याच्या आतून सरकवून तोही उलटा, पहिल्याला पोटात घेऊन. ऐकायला सोपं. पण कोणाच्या मनगटावर, कोणाच्या कानामागे पिवळे डाग. एकीच्या चष्म्याच्या काडीवर. सगळ्यांचे हात स्वच्छ निघेपर्यंत काकांनी चहा येऊ दिला नाही.

खरेदी आणि वाट पाहणं

जाड ताडपत्री, गोण्या, आत घालायच्या जाड प्लास्टिक पिशव्या, दोरी, चाळण्या हे सगळं रविवार पेठेतल्या बोहरी आळीत मिळालं. नायट्राइलचे, म्हणजे तेलाला टिकणाऱ्या कृत्रिम रबराचे, जाड हातमोजे भोसरीतल्या औद्योगिक सुरक्षा साहित्याच्या दुकानातून, जोडी दीडशे ते दोनशे रुपये. कापडी मोजे तेल शोषून कातडीशी धरून ठेवतात आणि साधं लॅटेक्स तेलात कुजतं, म्हणून नायट्राइलच. गमबूट साडेचारशे. अंगभर घालायचे एकदाच वापरायचे सूट थोडे महाग पडले, पण त्यात काटकसर नको. कार्ट्रिजचे मास्क मोजकेच घेतले. विम्यासकट माणशी खर्च दोन हजारांच्या आत बसला. तो ज्याचा त्यानं केला, ज्यांना जड होता त्यांचा ग्रुपनं उचलला.

जुलै कोरडा गेला. म्हणजे पाऊस भरपूर, निरोप काही नाही. काही जण गळाले. मला स्वतःला हा काळ जड गेला. सामान बेडखाली पडून, बँकेतून आल्यावर रोज त्याच्याकडे बघायचं, आणि असंही वाटायचं की आपण वाट कशाची बघतोय, किनारा खराब होण्याची? डॉक्टर ताईंना हे बोलून दाखवलं तर त्या म्हणाल्या, “अग्निशमनवाल्यांना विचार.” मग त्या काळात आम्ही नदीकाठी पूर्ण पोशाखात काम करून पाहिलं. अर्ध्या तासात आतून घामानं चिंब. अर्धा तास काम, पंधरा मिनिटं सावली आणि ओआरएसचं पाणी, हा नियम तिथेच ठरला.

ऑगस्ट: पोळ्याच्या दिवशी फोन

२२ ऑगस्टला ग्रामसेवकांचा फोन आला. गेल्या आठवड्याच्या वादळी पावसानंतर दक्षिणेकडच्या टोकाला डांबराचे गोळे लागायला लागले आहेत, प्रदूषण नियंत्रण मंडळाची माणसं नमुने घेऊन गेली आहेत, तहसीलमधून यादीतल्या लोकांना बोलवायला सांगितलंय. २७ तारखेला गणपती. दीड दिवसाचं विसर्जन त्याच किनाऱ्यावर.

काकांनी फोन घेतला आणि हो म्हणायच्या आधी प्रश्न विचारले. कधीपासून लागतंय? पातळ आहे की घट्ट? डोकं दुखेल असा वास येतोय का? पाण्यावर तवंग दिसतोय का? पिंपं, कंटेनर, डबे असं काही वाहून आलंय का? किनाऱ्यावर आमच्यावर देखरेख कोण करणार? कचरा कुठे ठेवणार आणि कोण नेणार? शेवटच्या प्रश्नाला उत्तर मिळेपर्यंत त्यांनी दुसऱ्यांदा फोन करायला लावला. तेलकट कचरा घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनुसार धोकादायक कचऱ्यात मोडतो. तो घंटागाडीत जात नाही, वाडीत पुरता येत नाही, जाळता येत नाही. न्यायची सोय ठरल्याशिवाय गोळा करणं म्हणजे एका ठिकाणची घाण दुसऱ्या ठिकाणी नेऊन ठेवणं.

शनिवारी पहाटे निघालो. ताम्हिणीत दरडीची भीती, म्हणून खोपोली, पेण, माणगाव असा रस्ता धरला. गणपतीला गावी निघालेल्या चाकरमान्यांनी महामार्ग भरलेला. पोहोचायला दुपार झाली. शाळेत नोंदणी, ओळखपत्रं, जोड्या. प्रत्येकाला एक जोडीदार, त्याच्यावर नजर ठेवायची: तोल जातोय का, उगाच चिडतोय का, घाम यायचा थांबलाय का.

किनाऱ्यावर दोऱ्या बांधून तीन पट्टे केलेले होते: तेलाचा, पोशाख उतरवायचा, आणि स्वच्छ. आम्हाला पहिलं काम मिळालं ते यातल्या कुठल्याच पट्ट्यात नव्हतं. उत्तरेकडचा अर्धा किनारा, जिथे तेल अजून लागलंच नव्हतं, तिथला सुका कचरा रात्रीच्या भरतीआधी उचलून वर न्यायचा.

आमच्यातल्या एका पोराला ते लागलं. “इतकं सगळं शिकून आपण बाटल्याच वेचायच्या का?” अभ्यासक ताई तिथेच होती. म्हणाली, “ही बाटली आत्ता उचललीस तर साधा कचरा. रात्री हिला तेल लागलं की उद्या धोकादायक कचरा. तिला वेगळी गोणी, वेगळी गाडी, वेगळा खर्च. आज तू जे उचलशील ते उद्या कोणाला मोजे घालून उचलावं लागणार नाही.” अंधार पडेपर्यंत आम्ही थर्माकोल, जाळ्यांचे तुकडे, चपला, सुरूच्या फांद्या उचलत होतो. पूर्ण मोहिमेतलं सगळ्यात कमी धोक्याचं आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं काम ते होतं असं मी ठामपणे म्हणेन. त्याला ना सूट लागतो ना मास्क. शाळेतली मोठी मुलंसुद्धा मोठ्यांबरोबर हे करू शकतात.

ओहोटीचे तास

भरतीची वेळ गावातल्या एका मावशींनी बोटांवर सांगितली. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला सहा, प्रतिपदेला पाऊण. म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास भरती भर दुपारी आणि मध्यरात्री, ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी. “पोरांनो, सकाळी सहाला या आणि नवाला निघा. मग दर्या तुमचं ऐकायचा नाही.” मोबाइलवरचं कोष्टक त्याच्याशी तंतोतंत जुळलं.

रविवारी पहाटे दक्षिणेच्या टोकाला गेलो तेव्हा ओहोटीनं मागे ठेवलेल्या रेषेवर ते पसरलेले होते. लिंबाएवढे, काही तळहाताएवढे, आणि असंख्य बारीक. वरून वाळू आणि शिंपल्यांचा चुरा असा चिकटलेला की अनारशाला खसखस लावावी तसा. वरचं कवच टणक, पण चिमटीत दाबला की आतून काळा मऊ गर, आणि रस्त्यावर डांबर टाकताना येतो तो वास. सकाळी ते अख्खे उचलता येतात. ऊन चढलं की पाघळतात, वाळूत उतरतात, आणि मग प्रत्येक गोळ्याबरोबर ओंजळभर वाळूही उचलावी लागते. म्हणूनही सकाळ.

मोठे गोळे हातानं, मधले दंताळ्यानं ओढून, बारीक फावड्यानं वरचा पातळ थर घेऊन चाळणीतून. वाळू तिथेच परत. तेलावर पाय पडू द्यायचा नाही. पावलानं ते खोल जातं आणि दुसऱ्या भरतीला परत वर येतं. गोणी अर्धीच भरायची. तेलकट वाळू फार जड असते आणि पूर्ण भरलेली गोणी कंबर तरी मोडते नाहीतर स्वतः फाटते. प्रत्येक गोणीवर तारीख, जागा, आत काय आहे ते लिहायचं. मग ती उधाणाच्या रेषेच्या वर, ताडपत्री अंथरलेल्या खड्ड्यात, वरूनही झाकून, पाऊस होता म्हणून.

कोणीतरी चांगल्या हेतूनं जेसीबी आणला होता. त्यानं एका फटक्यात फूटभर वाळू उचलली असती, त्यातलं तेल मूठभर. मंडळाच्या अधिकाऱ्यांनी तो परत पाठवला. वाळू गेली की पुढच्या उधाणात किनारा आत सरकतो.

खाडीच्या तोंडाशी खारफुटीच्या मुळांवरही काळे डाग दिसत होते. माझ्यासकट सगळ्यांनाच आत जाऊन ते पुसावंसं वाटत होतं. तिथे जायला सक्त मनाई होती, आणि कारण ऐकल्यावर पटलं: चिखलात पाय रोवले की तेल खाली दाबलं जातं, जिथे हवा नसल्यामुळे ते वर्षानुवर्षं टिकतं, आणि ज्या मुळांनी झाड श्वास घेतं तीच मोडतात. साबण किंवा डिटर्जंट मारणंही नको, तेल दिसेनासं होतं पण पाण्यात उतरतं. दोरीच्या अलीकडे उभं राहून त्या मुळांकडे बघणं मला सगळ्या कामात कठीण गेलं.

आठ वाजता सुरय जातीचा एक पक्षी सापडला. पोटाची पिसं चिकटलेली, चोच उघडी. त्याला धुवायचं नसतं. थकलेल्या, गारठलेल्या पक्ष्याला पाण्यात घातलं तर तो त्या धक्क्यानंच जातो. आधी ऊब, अंधार, शांतता, आणि धुणं नंतर शिकलेल्या माणसांच्या हातून. खायला-प्यायलाही जबरदस्तीनं काही द्यायचं नाही. टॉवेलनं पंखांसकट हलकेच झाकून, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवला आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला. वनरक्षक दुचाकीवरून आले, पंचनाम्यासाठी जागा-वेळ लिहून घेतली आणि खोकं मांडीवर धरून मागे बसलेल्या सहकाऱ्यासह गेले. दुसऱ्या रात्री त्यांचाच फोन आला, पक्षी गेला म्हणून. त्यांनी आवर्जून कळवलं याचं मला फार वाटलं.

पोशाख उतरवणं

नऊला काम थांबलं, पण माणूस मोकळा व्हायला अर्धा तास लागतो. मधल्या पट्ट्यात ताडपत्रीवर उभं राहायचं. जोडीदार आधी बूट पुसतो. मग सूट वरून खाली, आतली बाजू बाहेर काढत गुंडाळायचा. बुटांतून पाय काढून थेट स्वच्छ पट्ट्यात. हातमोजे सगळ्यात शेवटी, हळदीच्या धड्याप्रमाणे. हे सगळं धोकादायक कचऱ्याच्या गोणीत. हात-तोंड धुतल्याशिवाय पाण्याची बाटलीसुद्धा उघडायची नाही.

एका पोराच्या कोपराला काळं लागलं होतं. गावातले एक आजोबा रॉकेलचा बोळा घेऊन पुढे आले, पिढ्यान्‌पिढ्या तिथे तेच वापरतात. डॉक्टर ताईंनी हात जोडून थांबवलं. रॉकेल, पेट्रोल, थिनर हे सगळं कातडीचं तेल काढून टाकतात आणि घाण आत जायला वाट करून देतात. मावशींनी घरातून खोबरेल तेल आणलं. ते चोळून डांबर सैल झालं, कापडानं पुसलं, मग साबण. कोपर लाल न होता स्वच्छ. मावशी म्हणाल्या, “हे तर घरातच होतं की.” त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी होडीवाल्या पोरांना बोलावून हेच दाखवलं.

सोमवारी दुपारच्या आधी मुख्य पट्टा साफ झाला, बारीक गोळे राहिलेच. ते पुढच्या भरत्यांबरोबर येत राहतात हे गावाला नीट समजावून सांगितलं, विसर्जनाची जागा उत्तरेकडे घ्यायचं ठरलं, आणि आम्ही गणपतीआधी घरी आलो.

सप्टेंबर: गोण्या जाईपर्यंत

गोण्या मात्र लगेच गेल्या नाहीत. सणाच्या दिवसांत अधिकृत वाहन मिळेना. दर दोन-तीन दिवसांनी मी फोन करत होते, ग्रामसेवक ताडपत्रीचा फोटो पाठवत होते. अनंत चतुर्दशी उलटल्यावर एकदाची गाडी आली. नमुना १० चं मॅनिफेस्ट भरलं गेलं. किती माल, कोणी दिला, कोणी नेला, कुठे उतरवला याची नोंद. त्याची प्रत ग्रामपंचायतीनं फायलीला लावली आणि एक मला पाठवली. किनाऱ्यावरच्या फोटोंपेक्षा तो कागद मला जास्त समाधान देऊन गेला, कारण काम त्या दिवशी संपलं.

तब्येतीचं: घरी आल्यावर दोघांना डोकेदुखी, एकीच्या मनगटावर पुरळ. सगळ्यांनी पंधरा दिवस एका तक्त्यात रोजची नोंद ठेवली, डॉक्टर ताईंनी सगळ्यांना तपासलं. पुरळ आठवड्यात गेलं. डॉक्टरकडे जाल तेव्हा ‘तेलाच्या संपर्कात काम केलंय’ हे स्वतःहून सांगा. पुण्यातल्या डॉक्टरच्या ते मनातही येणार नाही.

फोन क्रमांक पाठ असू द्यात: समुद्रात तवंग किंवा जहाजाचा अपघात दिसला तर तटरक्षक दल १५५४, जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७, वन्यजीवांसाठी १९२६, आणि कंटेनर किंवा पिंप दिसलं तर लांबूनच ११२.

आमची यादी दर एप्रिलमध्ये नव्यानं द्यायची ठरली आहे, कारण जुनी वर्षभरात शिळी होते: फोन बदलतात, माणसं गाव सोडतात, विमा संपतो. यंदाचं हळदीचं प्रशिक्षण मार्चमध्ये त्याच हॉलमध्ये आहे. मावशी आणि होडीवाले दोघे जण त्यासाठी पुण्याला येणार आहेत. भरतीचं गणित तेच शिकवणार.